फडकं धरा, मी किटली बोलतेय

मी किटली बोलतेय. आधी माझ्याखाली एक फडकं ठेवा, कारण तोंड उघडलं की गळायची मला खोड आहे.

माझा जन्म घरगुती वस्तू डिझाइन करणाऱ्या एका छोट्या कंपनीत झाला. मला घडवलं मामांनी. ते मालकांचे मेहुणे, पण अख्खं ऑफिस त्यांना मामाच म्हणे. माझी चोच त्यांनी अशी नाजूक काढली की बघणाऱ्याने बघतच राहावं. चहा मात्र अर्धा कपात पडे आणि अर्धा टेबलावर. मामांना हे ठाऊक होतं. पण त्यांनी चोच बदलली नाही, ओतायची पद्धत बदलली. मनगटाला असा काही झटका द्यायचे की एक थेंब सांडत नसे. प्रदर्शनात लोक खूश होऊन माझ्यासारख्या किटल्या घरी न्यायचे आणि टेबलक्लॉथ धूत बसायचे. मग माझ्या बहिणी माहेरपणाला आल्यासारख्या परत येऊ लागल्या. गोदाम भरलं, कंपनी डबघाईला आली.

मालक थकले, तेव्हा त्यांची मुलगी कारभार बघायला आली. सगळे तिला ताई म्हणू लागले. पहिल्याच दिवशी तिच्यापुढे चहा आला तो दुसऱ्याच कंपनीच्या किटलीतून. आपली कुठाय, असं तिने विचारलं, तर कुणीतरी धावत जाऊन मला गोदामातून आणलं. तेव्हापासून ऑफिसात चहा फक्त माझ्यातून, आणि ज्याचा त्याने ओतायचा. आठवडाभरात एकही शर्ट डागावाचून उरला नाही. मामा तेवढे कोरडे.

जे आपण वापरत नाही ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायचं नाही, एवढंच ताईचं म्हणणं. मामा गाल फुगवून बसले.

अशात एका मोठ्या दुकानाचे मालक आले, पांढरीशुभ्र पँट घालून. त्यांची ऑर्डर मिळाली तरच कंपनी तगणार होती. बोलणं लांबलं. शेवटी मामांनी बाह्या सरसावून मला उचललं.

"मामा, थांबा. त्यांनाच ओतू दे," ताई म्हणाली.

"अगं, ऑर्डर जाईल," मामा पुटपुटले.

"जाऊ दे. तुम्ही काय प्रत्येकाच्या घरी ओतायला जाणार आहात?"

पाहुण्यांनी ओतलं. पुढचं सांगायची मला आजही लाज वाटते. नशीब, बोलण्यात चहा निवला होता. त्यांनी पँटकडे पाहिलं, मग ताईकडे.

"ही अजून विकण्यासारखी नाही," तिने सरळ सांगितलं. "नीट झाली की बोलावते."

पाहुणे हसत सुटले. "तेव्हा हीच पँट घालून येईन," म्हणाले.

मामांनी बरेच दिवस ताईशी अबोला धरला, पण नव्या चोची करायला घेतल्या. प्रत्येक नमुना पोस्टमनला, शेजारच्या शिंप्याला, जिना झाडणाऱ्या मावशींना ओतायला द्यायचे आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. अखेर पाहुणे तीच पँट घालून आले, स्वतः चहा ओतला आणि पँट पांढरी घेऊनच परतले. ऑर्डर देऊन!

माझ्या धाकट्या बहिणी आता घरोघरी सुखाने नांदतात. मी खिडकीत असते, झाडांना पाणी घालते. माझं एकच मागणं आहे, मला कुणी दुरुस्त करू नका. आसपास कुणी नसलं की मामा मला उचलतात. कुंडीवर धरताच त्यांचं मनगट जुन्या सवयीने वळू लागतं. मग ते स्वतःलाच दटावतात, हात सरळ धरतात आणि मला मनसोक्त गळू देतात.