टक्के मिरवणारा फळा

मित्रांनो, मी एक फळा आहे. वर्गातला नव्हे, शाळेच्या दारातला. जोगेश्वरीला पूर्वेच्या बाजूला, मेघवाडीकडून चढ चढून आलं की एक दुमजली मराठी शाळा लागते. तिच्या पोर्चमध्ये, फाटकातून आत शिरणाऱ्याची पहिली नजर जाईल अशा भिंतीवर मी टांगलेला होतो. वर्गातल्या फळ्याकडे मुलं बघतात. माझ्याकडे त्यांचे आईबाप बघायचे. माझं जे काही भलंबुरं झालं, ते त्या बघण्यापायीच.

मला घडवलं हरेश्वर सरांनी. ते चित्रकला शिकवायचे, राहायचे वेसाव्याच्या कोळीवाड्यात. सुताराने फळ्या जोडून चौकट ठोकून दिली, पण घासून गुळगुळीत करायचं आणि काळा रंग द्यायचं काम सरांनी स्वतः केलं. एक हात झाला, वाळला की दुसरा. शाळेचा शिपाई सहदेव बघून हसला, "सर, फळा हाय तो, होडी नाय."

"पाण्याशीच गाठ आहे रे त्याची," सर म्हणाले. "तू रोज ओल्या फडक्याने पुसणार ना?"

आणि खरंच, सुरुवातीची ती वर्षं सहदेव मला रोज सकाळी पुसायचा. मग सर रंगीत खडूने लिहायचे. सहलीचा दिवस, कुणाचा तरी वाढदिवस, सापडलेली डब्याची पिशवी. खालच्या कोपऱ्यात पोरं चोरून चित्रं काढायची. नाव घालायला आलेले पालक सहदेवालाच गाठून विचारत, "मास्तर फार मारतात काय हो?" "मुलींना वेगळा संडास हाय ना?" "प्यायला पाणी येतं?" सहदेव माहीत असेल ते सांगायचा. लोक वर्गापर्यंत जाऊन डोकावायचे आणि समाधानाने परत जायचे.

मग एका जूनमध्ये आमच्या शाळेचा दहावीचा निकाल ब्याण्णव टक्के लागला. संस्थेचे चिटणीससाहेब खूश झाले. त्यांनी पेंटरला बोलावून पांढऱ्या ऑइलपेंटने तो आकडा माझ्या अंगावर रंगवून घेतला. एवढा मोठा, की रस्त्यावरूनही वाचता यावा. दुसऱ्या कशाला जागाच उरली नाही. पुढच्या वर्षी काळं फासून नवा आकडा, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून मोठा.

लोकांची रीघ लागली. कौतुकही फार झालं. कोणी पोराला उचलून आकडा दाखवायचं, कोणी लांबूनच मान डोलवायचं. पण मित्रांनो, त्या वर्षांत मला कोणी हात लावला नाही. ऑइलपेंट पुसायचं नसतं. सहदेव फडकं घेऊन यायचा आणि नुसती चौकट पुसून जायचा. हरेश्वर सर माझ्यासमोरून मान खाली घालून जात. वर्गाकडे जाऊन डोकावणंही लोकांनी सोडून दिलं. एवढ्या गर्दीत मी एकटा पडलो.

काशीराम पहिल्यांदा आला तो याच दिवसांत. मूळचा मालवणकडचा. गिरणीत होता, गिरण्यांचा संप सुरू झाल्यावर अंधेरीच्या एका कंपनीत वॉचमन झाला होता. बरोबर मुलगी होती, शकु. म्युनिसिपालिटीच्या शाळेतून सातवी झालेली, अंगाने किडकिडीत, बापाच्या मागे उभी राहणारी. काशीराम बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला आणि पोरीकडे हात करून हळूच म्हणाला, "माझ्या चेडवाचां हय नीट होतलां मां?"

सहदेवाने माझ्याकडे बोट केलं. "वाचा की. आणखी काय पायजे?"

काशीरामने वाचलं आणि मुलीचं नाव घातलं.

आता एक गोष्ट सांगतो, जी त्या गर्दीतल्या कोणी कधी विचारली नाही. तो आकडा वाढत होता, कारण नववीतली कच्ची मुलं दहावीपर्यंत पोचतच नव्हती. त्यांना नववीत नापास करायचे आणि मग आईबापांना बोलावून सांगायचे, "इथेच पुन्हा बसवण्यापेक्षा दाखला घेऊन जा, दुसरीकडे बघा." ती मुलं माझ्यासमोरूनच बाहेर पडायची. काही रडत, बरीचशी गप्प.

चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये शकुवर ती पाळी आली. माझ्यावर तेव्हा सत्त्याण्णव टक्के झळकत होते. काशीराम रात्रपाळी करून तसाच, गणवेशातच आला होता. शकुने नव्या दोन रिबिनी बांधल्या होत्या, जणू वर्गातच बसायचंय. बाप दाखला घ्यायला ऑफिसात गेला नाही. माझ्यासमोर उभा राहिला. तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका वनमालाबाई, जिन्यावरून खाली आल्या. शिस्तीच्या, कडक, कमी बोलणाऱ्या.

"काय हो, काय पाहिजे?"

"बाई, हा आकडा बघूनच मी हिला इथे घातली." काशीरामचा आवाज चढलेला नव्हता. खरंच काहीतरी शोधत असावा तसा तो बोलत होता. "आता ह्या सत्त्याण्णवात माझां चेडू खंय आसा, तेवढां दाखवा."

बाईंनी आकड्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "ती यात नाही."

"मग ह्यो आकडो कोणाचो?"

"गाळून उरलेल्यांचा," बाई म्हणाल्या. स्वतःचंच बोलणं पहिल्यांदा कानावर पडावं तसा त्यांचा चेहरा झाला. मग त्या शकुकडे वळल्या. "दहावीला बसशील?"

"मला गणित येत नाही, बाई."

"ते ठाऊक आहे मला. बसशील का, विचारलं."

शकुने बापाकडे बघितलं. "बसेन."

"जा मग. वर्गात जा."

काशीरामने हात जोडले. त्याच दिवशी बाईंनी सहदेवाला गाळलेल्या मुलांच्या घरी पिटाळलं. एक सोडून सगळी परत आली. तो मुलगा एव्हाना विलेपार्ल्याच्या एका हॉटेलात कपबशा विसळायला लागला होता. बाई दुसऱ्या दिवशी स्वतः त्या हॉटेलात जाऊन आल्या. तरी तो आला नाही. त्याच्याबद्दल त्या पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

चिटणीससाहेब तणतणत आले. "बाई, वाट लागेल निकालाची! पालक दारात येऊन आकडा बघतात, दुसरं काय बघतात?"

"आम्ही दुसरं काही दाखवलंच नाही त्यांना," बाई म्हणाल्या.

आता या कच्च्या मुलांना शाळा सुटल्यावर जादा शिकवायचं कुठे? आमची शाळा दोन पाळ्यांची. दुपारी सगळे वर्ग प्राथमिकची मुलं अडवायची. बाई पोर्चमध्ये आल्या, माझ्याकडे बघितलं आणि हरेश्वर सरांना हाक मारली. "सर, हे सत्त्याण्णव काढून टाका. मला फळा हवाय."

सरांनी सबंध रविवार मला घासलं. ऑइलपेंट खरवडताना माझे पापुद्रे निघाले, पण मित्रांनो, मला दुखलं नाही. सोमवारी दुपारी बाईंनी माझ्यावर खडूने पहिलं समीकरण लिहिलं. पोरं पोर्चच्या लादीवर बसली होती. शकु शेवटी, खांबाला टेकून. तिला उत्तर येत नसलं की ती ओठ चावायची, आणि बाई तेच पुन्हा पहिल्यापासून मांडायच्या. कधी चिडायच्या, कधी खडू तिच्याच हातात द्यायच्या. तिचा हात माझ्यावरून चाचरत फिरायचा. चुकलं की तळव्यानेच पुसून टाकायची. माझ्या सबंध आयुष्यात तेवढं सुख मला कशाने दिलं नाही.

निकाल लागला. एकसष्ट टक्के. शकु गणितातच गेली, तेही थोडक्यात.

चिटणीससाहेब म्हणाले, "यंदा फळ्यावर काही लिहू नका." बाईंनी ऐकलं नाही. सरांच्या सुंदर अक्षरात त्यांनी लिहून घेतलं, "निकाल एकसष्ट टक्के." आणि खाली, "नववीत होते ते, एक सोडून, सगळे बसले."

ती दुसरी ओळ कोणी वाचली नाही. फाटकातून माणसं यायची, पहिली ओळ वाचायची आणि तिथूनच मागे वळायची. "एकसष्ट? काय रे हे! चल, चल." एक आई माझ्यासमोर क्षणभर थांबली, तिचा मुलगा आतल्या आवाजांकडे मान वळवून बघत होता. "आई, आत गाणं चाललंय," तो म्हणाला. आईने त्याचा हात ओढला. "गाण्याने काय होतंय? इंग्लिश मीडियमलाच घालू तुला." त्या वर्षी पाचवीची एक तुकडी बंद झाली. पोर्च ओस पडला. चिमण्या येऊन चौकटीवर बसायच्या, तेवढीच सोबत.

शकु ऑक्टोबरला पुन्हा बसली. डिसेंबरात एका सकाळी काशीराम आणि ती, दोघं पेढे घेऊन आली. ती गणितात पास झाली होती. ऑक्टोबरचा निकाल फळ्यावर लिहायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मोजायला तो कोणी धरतच नाही. बाईंनी स्वतः खडू घेतला आणि माझ्या मधोमध शकुचं पूर्ण नाव लिहिलं, पुढे लिहिलं, "उत्तीर्ण". सहदेवाला बजावलं, "शनिवारपर्यंत पुसायचं नाही."

काशीराम ते नाव वाचत उभा राहिला. "हय आसस गो तू," तो शकुला म्हणाला. शकु लाजून हसली. तिला त्या पोर्चमध्ये मी पहिल्यांदाच हसताना बघितलं.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. नवे मुख्याध्यापक आले आणि नववीची गाळणी पुन्हा सुरू झाली. आकडा परत चढला, पालकही परत आले. त्यासाठी काचेची, आत ट्यूबलाइट असलेली पेटी भिंतीवर बसवली आणि मला जिन्याखाली, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. हरेश्वर सरांची बदली संस्थेच्या दुसऱ्या शाळेत झाली. सहदेव अधूनमधून झाडू ठेवायला येतो, तेव्हा थोडंफार बोलतो. त्याच्याकडूनच कळलं, शकु आता अंधेरीच्या सीप्झ वसाहतीतल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात केसाएवढ्या बारीक तारा जोडते, आणि तिथल्या नव्या मुलींना तीच शिकवते. वनमालाबाई गेल्या वर्षी वारल्या. शाळेत कुणी ते कुठे लिहिलं नाही. मी असतो दारात, तर लिहिलं असतं कुणीतरी, असं उगाच वाटत राहतं.

मित्रांनो, आकडे खोटे नसतात. एकसष्टही खरे होते, सत्त्याण्णवही खरे होते. आणि दारात उभे राहणारे आईबापही काही वाईट नसतात. त्यांच्या मनात एवढंच असतं, की माझं मूल इथे नीट राहील ना, कोणी त्याला टाकून तर देणार नाही ना. हे विचारायचं कसं, ते त्यांना सुचत नाही, म्हणून ते टक्के विचारतात.

तेव्हा माझं एक ऐकाल? तुमचे आईबाबा शाळेच्या दारात आकडा वाचत थांबले, तर त्यांचा हात धरा. त्यांना आत न्या. तुम्ही कुठे बसता, शेजारी कोण बसतं, आणि चुकलं तर बाई पुन्हा पहिल्यापासून सांगतात का, ते त्यांना दाखवा. घाई करतील ते. तुम्ही हात सोडू नका.