एका नवसात दोघी

माझ्या व्याख्यानाचा विषय होता 'डोंगरातली नृत्यं : एक अनुभव'. सभागृह ठरलं, पत्रिका छापून झाल्या, अध्यक्षही मिळाले. अनुभव तेवढा घ्यायचा राहिला होता. म्हणून सत्त्याण्णवच्या डिसेंबरात, व्याख्यानाला तीन दिवस उरले असताना, मी बँकेत रजा टाकली, टेपरेकॉर्डर गळ्यात अडकवला आणि कळवणच्या पुढे एसटी जिथे हात टेकते तिथून चालत एका पाड्यावर जाऊन थडकलो.

मार्गशीर्ष चालू होता, डोंगऱ्या देवाचं व्रत बसलेलं. खळ्यात वीसेक माणसं हात गुंफून गोल नाचत होती आणि मधे केरू नावाचा म्हातारा भगत भोपळ्याची पावरी फुंकत होता. अंगावर मूठभर मांस नाही, पण सूर असा की बाप रे! मी वही मिटून ऐकतच राहिलो. एरवी मी हळवा वगैरे माणूस नाही, बँकेत अठरा वर्षं काढली आहेत.

नवस रावजीचा होता. त्याची बायको भागीबाई दोन महिने अंथरुणाला खिळलेली. कळवणचा डॉक्टर म्हणाला नाशिकला न्या, नाशिकचा म्हणाला घरी न्या. "आता देवच हाय," रावजी मला म्हणाला. मी ते वाक्य वहीत टिपून घेतलं. झकास वाक्य होतं.

तिसऱ्या गाण्याला मला काही राहवेना. टेप चालू ठेवला, बूट काढले आणि दोघांचे हात सोडवून मधे घुसलो. चांगला अर्धा तास नाचलो, धाप लागेस्तोवर. नाच थांबल्यावर केरूनं माझ्या कपाळाला शेंदूर लावला.

"आता तू माऊली. पुनवेपर्यंत."

इकडे कलेक्टरलासुद्धा 'तू'च म्हणतात, त्याचं काही नाही. पण पुनवेपर्यंत?

"रिंगणात पाय घातला तो माऊली," केरू म्हणाला. "सकाळी थंड पान्यानं अंघोळ, एक टाईम जेवण, झोपायचं हितंच खळ्यात, पायात काय घालायचं नाय. पाच दिसांनी सगळ्यांनी मिळून गडावर जायचं. मधीच कोनी सुटला, तर नवस तुटतो."

मी रावजीकडे पाहिलं. तो माझे बूट उचलून नीट भिंतीकडेला ठेवत होता.

एक रात्र काढली मी, उगाच नाही सांगत. सकाळी त्या पाण्यानं अंघोळ केली आणि दात वाजत असतानाच ठरवलं, हे आपल्याला झेपायचं नाही. शिवाय पत्रिका छापलेल्या! तोंड पाडून केरूकडे गेलो. म्हणालो, "माझी आई फार आजारी आहे हो. मला निघायलाच हवं."

पाड्यावर फोन नव्हता, पत्र आलेलं नव्हतं. ही बातमी मला रातोरात कुठून कळली, असं एकानंही विचारलं नाही.

"आई हाय म्हनल्यावर जा," केरू म्हणाला. "तुझ्या वाटचं रावजी नाचंल. नाव काय आईचं?"

"रंगूबाई."

"रावजी, तुझ्या नवसात हिचं नाव घेऊ का?"

रावजीनं क्षणभरही विचार केला नाही. "घ्या की."

केरूनं पावरी तोंडाला लावली. निघताना मी रावजीला माझं कार्ड दिलं आणि म्हणालो, "नाशिकला आलात की घरी या." आपण हे ज्या अर्थानं म्हणतो, त्याच अर्थानं म्हणालो.

व्याख्यान रंगलं म्हणजे काय रंगलं! टेप वाजवला. 'आता देवच' म्हणून मी जरा थांबलो, तर पहिल्या रांगेतल्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला. शेवटी कोणीतरी विचारलं, "तुम्ही व्रत पुरं केलंत?" मी म्हणालो, "व्रत मनानं पुरं करायचं असतं." टाळ्या थांबेनात.

आठवड्यानं, रविवारी सकाळी, दार वाजलं. उघडलं तर रावजी, हातात नारळ. पहाटेच्या पहिल्या गाडीनं निघालेला. आत आई स्टुलावर चढून माळ्यावरचा पापडांचा डबा काढत होती आणि पंख्यावरच्या धुळीवरून मला फैलावर घेत होती.

रावजी तिच्याकडे बघतच राहिला. "हीच का रंगूबाई?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं, "भागीबाई कशी आहे?"

"गेली. पुनवेच्या आदल्या दिशी." तो अजून आईकडेच बघत होता. "नाचत व्हतो तवाच सांगावा आला. केरू म्हनला, रिंगण सोडू नको, अजून एक नाव हाय. मंग नाचलो पुनवेपर्यंत. म्हनलं, जाऊन बघावं ती तरी वाचली का."

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

आई स्टुलावरून उतरली. रावजी वाकून तिच्या पाया पडला, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"का रे, मला काय झालं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत रावजीच बोलला. "काय नाय, आई. आता काय नाय."