आईच्या वाटणीची गोळी

सकाळी गजर व्हायच्या आत आई उशाशी हजर असे. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या तळव्यावर छोटीशी पांढरी गोळी.

"ऊठ गं ढब्बू. उपाशीपोटीच घ्यायची असते."

ढब्बू अर्धवट झोपेत गोळी गिळून पुन्हा कुशीवर वळे. लहानपणी तिचे गाल फुगरे होते म्हणून बाबांनी लाडाने ठेवलेलं हे नाव. लाडाची नावंही वय वाढलं की टोचायला लागतात, पण ठेवणाऱ्याला ते कुठे कळतं! ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि बारीक कामात तिचा हात धरणारं तिथे कोणी नव्हतं. तिचं लग्न ठरलं होतं, म्हणजे जवळजवळ ठरलं होतं. मुलाला ती पसंत होती. मुलाच्या आईने मात्र निघताना चपला घालता घालता सांगितलं, "मुलगी गुणाची आहे हो. जरा बारीक झाली की तारीख धरू." बटाटे निवडतानाही लोक याहून संकोचाने बोलतात.

आईला कितीतरी वर्षं थायरॉईडचा आजार होता. शेजारच्या मावशींनी कुठेसं ऐकलं होतं, की तिची ती गोळी धडधाकट माणसाने घेतली की वजन झरझर उतरतं. औषधवाला चिठ्ठीवर असतील तेवढ्याच गोळ्या देई, आणि चिठ्ठी तर एकट्या आईची. मग पोरीला रोज गोळी मिळते कुठून, हे घरात कोणी विचारलं नाही. ढब्बूनेही नाही. मिळतेय ना, मग झालं.

वजन उतरलं आणि कौतुकाला नुसता ऊत आला. वर्षभर तोंड वाकडं करणाऱ्या नातेवाइकांना ती एकाएकी सुंदर दिसू लागली. छाती धडधडायची, डोळ्याला डोळा लागत नसे, सगळे गारठलेले असताना तिला घाम फुटायचा. "लग्नाची हुरहूर," मावशी हसून म्हणत. ढब्बूही हसायची, कारण आरशातली मुलगी तिला पहिल्यांदाच आवडायला लागली होती.

आईकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. तिचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. भर दुपारी ती शाल पांघरून बसे आणि बसल्या जागी पेंगे.

"अगं, पोरगी वाळतेय आणि तू फुगतेयस," बस चालवून दमून आलेले बाबा जेवताना म्हणाले. "भाजीत मीठ नाही. लक्ष कुठे असतं तुझं?"

"बाबा, आई माझं उरलेलं जेवण खाते, वाया जायला नको म्हणून," ढब्बू म्हणाली. दोघं खदखदून हसले. आईही हसली, पण हसायलाही तिला जरा वेळ लागला.

एक दिवस दुकानात ढब्बू चष्म्याच्या दांडीचा स्क्रू बसवत होती. तो तिच्या बोटांतून सुटला. दुसरा घेतला, तोही सुटला. समोरचं गिऱ्हाईक चुळबुळ करू लागलं.

"हात पुढे कर बघू," मालक म्हणाले. तिने दोन्ही हात पसरले. बोटं थरथरत होती. "पोरी, हे बरं लक्षण नाही. आजच डॉक्टरांना दाखव."

"आज नको मालक. संध्याकाळी सासूबाई येणारेत, तारीख धरायला."

ती घरी पोचली तेव्हा स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन गॅस विझला होता आणि आई ओट्याखाली निपचित पडली होती. अंग गार, हाकेला ओ नाही. ढब्बूने आधी गॅस बंद केला, खिडकी उघडली, मग जिवाच्या आकांताने बाबांना फोन लावला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आईला तपासलं, कागद चाळले आणि दोघांकडे वळल्या. "यांची थायरॉईडची गोळी कधीपासून बंद आहे?"

"बंद कशी असेल? दर महिन्याला मीच आणतो," बाबा म्हणाले.

"आणत असाल. पोटात जात नव्हती. आणखी उशीर झाला असता तर हाती लागल्या नसत्या."

ढब्बू पुढे झाली. "माझ्या पोटात जात होती," ती म्हणाली.

बाई उठल्या आणि त्यांनी तिची नाडी धरली. "ते हार्मोन आहे. ज्याच्या शरीरात कमी पडतं, त्याला ते जगवतं. तुझ्या शरीरात पुरेसं होतं. तुझं हृदय आत्ता बसल्या जागी धावतंय. वजन कमी करायचं औषध नाही हे, कळलं?"

रात्रभरात आई शुद्धीवर आली. सुजलेल्या पापण्या तिने कशाबशा उघडल्या, लेकीला ओळखलं आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "तुझी गोळी घेतलीस का गं?"

ढब्बू आईच्या कुशीत तोंड खुपसून रडली. बाबा पाठ फिरवून उभे राहिले. बायकोच्या सुजेची आपण थट्टा केली होती, हे आता त्यांना जन्मभर आठवणार होतं.

होणाऱ्या सासूबाई दवाखान्यातच भेटायला आल्या. आईची चौकशी झाली आणि त्यांची नजर ढब्बूवर गेली. "बाई गं, किती छान झालीस! आता फक्त एवढंच राख. आई घरी आल्या की तारीख धरू."

"नको, काकू. मी आजारी आहे म्हणून अशी दिसतेय," ढब्बू शांतपणे म्हणाली. "बरी झाले की पुन्हा भरेन, आणि मला बरं व्हायचंय. आजारी सून हवी असेल तर दुसरीकडे बघा."

त्या गेल्या. मुलाचा फोन आलाच नाही. ढब्बूला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणावं? पण रडण्याइतकंही वाटलं नाही.

मग शेजारच्या मावशीही दवाखान्यात आल्या. आईचा हात हातात घेऊन डोळे पुसले, मोडलेल्या लग्नाबद्दल हळहळल्या. निघताना त्यांनी ढब्बूला दाराशी बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला.

"झालं ते वाईटच झालं गं. पण तू बारीक झालीस हे खरं. किती ताकदीची होती ती गोळी? आमच्या धाकटीचंही बघायचंय ना आता."

ढब्बूने त्यांचा हात धरला आणि आपल्या छातीवर घट्ट दाबला. आत काळीज फडफडत होतं.

"हे धाकटीला द्यायचंय का, मावशी?"

मावशींनी हात ओढून घेतला आणि पदर सावरत त्या जिना उतरल्या. घरी जाऊन त्यांनी धाकटीला काय सांगितलं, कोण जाणे.