दोन कप्प्यांची पेटी आणि देवाचा वळू

मी एक जुनी सागवानी पेटी आहे, मित्रांनो. मला दोन कप्पे आहेत आणि आज मी फार घाईत आहे, म्हणून जन्माची गोष्ट थोडक्यात सांगते. शाहू छत्रपतींच्या राज्यात, कोल्हापुरात, दिलदार नावाच्या सुताराने मला घडवले. घडवून घेणारे आकाराम मास्तर शाळेत शास्त्र शिकवत. विलायतेहून आलेल्या एका पुस्तकात त्यांनी वाटाण्याच्या रोपांवरचे प्रयोग वाचले होते. आईबापांचे गुण पिलांत कसे उतरतात, हे मुलांना गणिताने दाखवायचे त्यांच्या मनात होते.

रीत सोपी होती. माझ्यात गुंजेच्या बिया भरत; लाल म्हणजे निरोगी गुण, पांढरी म्हणजे खोट. एका कप्प्यातल्या गुंजा बापाच्या, दुसऱ्यातल्या आईच्या. डोळे मिटून दोन्हीकडून एकेक काढायची. ती जोडी म्हणजे एक पिलू. दोन्ही पांढऱ्या निघाल्या तरच खोट दिसते. एक जरी लाल असली तरी पिलू धडधाकट; पांढरी मात्र त्याच्यात लपून राहते आणि पुढच्या पिढीत उतरू शकते. मुले माझ्याभोवती गर्दी करत, मास्तर माझे कौतुक करत. मला वाटे, असेच चालायचे.

पण कागलच्या बाजूला असलेल्या मास्तरांच्या गावी आंधळी वासरे जन्मू लागली. गावात वळू एकच होता, देवाला सोडलेला. त्याला कोणी बांधत नसे, कोणी हाकलत नसे. आता त्याच्याच कालवडी त्याच्यापासून गाभण राहत होत्या. लोकांना त्यात काही वावगे वाटले नाही. त्यांनी दोष दिला चिमणाबाईला. ही विधवा मास्तरांच्या शेजारची, तिच्याच अंगाखांद्यावर ते वाढलेले. तिची नजर लागते म्हणाले. पाटील हंबीरराव तिला गावाबाहेर काढायच्या गोष्टी करू लागले, आणि तिला जायला दुसरे घर नव्हते.

मास्तर मला काखोटीला मारून गावी आले. वळू दिसायला धडधाकट, पण खोट त्याच्यात लपलेली, म्हणून चावडीत बसून त्यांनी वळूच्या कप्प्यात निम्म्या लाल, निम्म्या पांढऱ्या गुंजा भरल्या. त्याच्या निम्म्या कालवडींत ती खोट लपून उतरलेली, म्हणून त्यांच्या कप्प्यात तीन वाटे लाल आणि एक वाटा पांढऱ्या. हिशेबाने आठांत एक वासरू आंधळे निघते, वळू बदला म्हणजे हे थांबेल, असे त्यांनी समजावून सांगितले. मग डोळे मिटून जोड्या काढायला लागले. लाल आणि लाल. लाल आणि पांढरी. पुन्हा दोन्ही लाल. मी आतून तळमळत होते, पण गुंजांवर माझी सत्ता कुठे चालते? पांढरी जोडी काही येईना. आठांत एक म्हणजे आठवी जोडी हमखास पांढरी, असे नसते हो. शेकड्यांनी काढाव्यात, तेव्हा कुठे गणित बोलायला लागते. एवढा धीर चावडीला नव्हता.

"मास्तर, तुमची पेटीच सांगतीया की, वळूत खोट न्हाय," हंबीरराव म्हणाले आणि लोक हसत उठले.

मास्तरांना शाळेसाठी परतावे लागले. चिमणाबाईने मला मागून घेतले. रोज सोप्यात बसून ती जोड्या काढी. खरे सांगते, लोकांचे ऐकून ऐकून तिला स्वतःचीच शंका येऊ लागली होती. आपल्या नजरेत खरेच विष आहे की काय, असे ती माझ्याशी पुटपुटे. आणि एका दुपारी दोन्ही हातांत पांढऱ्या गुंजा आल्या.

"आलं, आंधळं आलं की!" ती हसत हसत रडू लागली. दोष आपला नाही, हे तिला पहिल्यांदाच पटले होते.

शेजारीण दारात उभी होती. देवऋषी करणीला वापरतो त्याच पांढऱ्या गुंजा हातात घेऊन ही विधवा आंधळे वासरू आले म्हणून हसते आहे, एवढेच तिला दिसले. बघता बघता गाव गोळा झाला.

"ह्यो हिशेब हाय, करणी न्हाय. बसा, तुमीबी काढून बघा," चिमणाबाई हात जोडून सांगत होती. कोणी बसले नाही. त्याच संध्याकाळी तिला वेशीबाहेर काढले. ती कुठे गेली, जगली की नाही, मला कळले नाही. मास्तर धावत आले, त्यांनाही वेशीवरूनच परत पाठवले. मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या दिवशी गाव डोक्यावर घेतले असते.

गुंजा ओढ्यात गेल्या. मला मात्र गोमूत्र शिंपडून पाटलांनी ठेवून घेतले, सागवान फुकटचे कोण सोडतो? आता मी त्यांच्या गोठ्यात जनावरांचे मीठ सांभाळते. तो वळू म्हातारा होऊन मेला, तेव्हा त्याचाच गोऱ्हा देवाला सोडला. वासरे आंधळी जन्मतच आहेत, पूर्वीपेक्षा जास्त. परवा खुद्द पाटलांच्या गाईला तसलेच झाले. घरात नवी सून आली आहे, शालूबाई. तिची सासू काल दावणीपाशी म्हणाली, "ही घरात आल्यापास्नंच हाय हे."

मित्रांनो, जनावर सांभाळायचे तर त्याचा बाप कोण, हे आधी बघा. माणसाकडे बोट दाखवण्याआधी खाली बसा आणि जोड्या काढा. दोनचार काढून उठू नका. गुंजा नसतील तर तूर घ्या, हरभरा घ्या, मी तयार आहे. माझ्यातले मीठ ओता आणि पाटलांना समोर बसवा. पण लवकर या. रोज सकाळी मीठ न्यायला येणारी शालूबाई आज आलेली नाही.