फुले आमच्या आधी येऊन गेली

मित्रांनो, मी एक जुनी मधपेटी आहे. दोघी बहिणी मधमाश्या पाळतात; त्यांच्या सुतार वडिलांनी मला घडवले. माझे दार बोटभर उंचीचे, पण आत हजारो मधमाश्यांचे बिऱ्हाड! डोंगरावरचा बर्फ वितळला, की बहिणी मला टेम्पोतून वर नेत. सारा उतार निळ्या-पिवळ्या रानफुलांनी भरून जाई आणि मी मधाने इतकी जड होई, की मला उतरवताना दोघींना घाम फुटे. माझ्या जोडीच्या पेट्या एकेक करून मोडल्या. मी तेवढी तग धरून राहिले.

यंदा मात्र आम्ही पोचलो तेव्हा उतार वाळून गेला होता. हिवाळा उबदार गेला, बर्फ लवकर वितळला, फुलेही घाईने उमलली. त्यावर अवेळी कडाक्याची थंडी पडली आणि उरलेल्या कळ्या करपल्या. माश्या सकाळी उमेदीने निघत आणि उपाशीपोटी परतत. पोळ्यातला साठा संपत आला. मी हलकी होत गेले.

"आई दरवर्षी याच सुमाराला पेट्या घेऊन यायची," थोरली हट्टाने म्हणाली. "थोडी वाट बघू."

"आईच्या वेळचा डोंगर राहिला नाही गं, ताई. माश्या मरतील आपल्या!"

थोरलीने मला उचलून पाहिले. मी सहज उचलली गेले. तिचा चेहरा उतरला.

"पलीकडच्या घळीत ऊन कमी," धाकटी म्हणाली. "तिथला बर्फ उशिरा वितळतो. फुलं आत्ता येत असतील."

"तिकडे टेम्पो कुठे जातो?"

"आपले पाय जातात ना!"

सांजावल्यावर माश्या आत आल्या. बहिणींनी माझे दार जाळीने बंद केले, मला दोरांनी बांधले आणि आळीपाळीने पाठीवर घेतले. आतली गुणगुण फार क्षीण झाली होती.

घळीत पोचून त्यांनी दार उघडले. सकाळी माश्या चाचपडत उडाल्या. बराच वेळ कोणी परतेना. मग एक आली, मागून दुसरी. त्यांच्या पायांना पिवळाधमक पराग चिकटला होता.

"अगं, बघ तरी!" धाकटी ओरडली. थोरली रडता रडता हसू लागली. माझाही जीव भांड्यात पडला.

मित्रांनो, हवा तापली, की डोंगराचे वेळापत्रक बिघडते. ती तापू नये म्हणून जपा. रानफुले तोडू नका, तुडवू नका. एक थंड घळ अजून शिल्लक होती, म्हणून आम्ही वाचलो. तेवढी तरी शिल्लक राहू द्या.