अँडीजच्या पाकिटातली बाजरी

पाकिटात बाजरी होती. दिपालीने भिंग पुसून पुन्हा पाहिलं. बाजरीच.

कागदावर टाचलेली वाळकी फांदी मात्र पेरूमधली, अँडीज पर्वतातली, साल १९०४. कळसूबाईवर कळसूबाई ठेवली तरी जिथे हात पोचणार नाही, तिथे कुणीतरी वाकून ती खुडली होती, आणि फिरत फिरत ती नगरच्या या कॉलेजच्या कपाटात आली होती. दिपालीला अशा सगळ्या नमुन्यांचे फोटो काढून नोंदी करायच्या होत्या. चिठ्ठीवर लिहिलं होतं, बिया पाच. कागदाला चिकटवलेल्या पाकिटात तीन होत्या, आणि बाजरीचे दोन दाणे.

तीस वर्षं हे कपाट सांभाळणाऱ्या मालनबाई शुक्रवारी निवृत्त होणार होत्या. विचारल्यावर त्यांनी डांबरगोळ्यांचा डबा खाली ठेवला.

"म्याच ठेवली, ताई."

नव्याने नोकरीला लागल्या तेव्हा त्यांनी पाकीट उघडलं होतं. बी कागदात निजलेलं त्यांना, पारनेरच्या शेतकऱ्याच्या लेकीला, बघवेना. दोन बिया घेऊन त्यांनी खिडकीतल्या डब्यात पेरल्या.

"आणि बाजरी कशाला, मावशी?"

"दुसऱ्याचं भांडं रिकामं परत धाडत्यात व्हय?"

दिपालीला हसू आलं नाही. तिने हळूच विचारलं, उगवलं का?

"एक उगवलं." मालनबाईंनी पंजा पसरला. "असं पान. चांदीवानी लव. सकाळी मधोमध पान्याचा थेंब बसायचा, मन्यावानी. बारा दिस हुतं. मग उन्हानं गेलं."

दिपालीने कागदाकडे पाहिलं. तिथलं पान तपकिरी. सव्वाशे वर्षांत किती विद्वानांनी या कागदावर सह्या केल्या. सगळ्यांनी तपकिरीच पाहिलं होतं.

"सायबांना सांगशाल? पेन्शनीचे कागद अजून त्यांच्याच टेबलावर हायत."

इथला नियम असा, की जुनी चिठ्ठी फाडायची नाही. नवं कळलं तर शेजारी नवी लावायची, नावासकट. दिपालीने तो समजावला. नोंद केली तर साहेब वाचणारच, हेही सांगितलं. तुम्ही नको म्हणालात तर लिहीत नाही, म्हणाली.

मालनबाईंनी फांदीकडे पाहिलं.

"ल्ह्या. खरं हाय ते. साल शहाण्णव."

दिपालीने लिहिलं: दोन बिया पेरल्या, एक उगवली. पानावर रुपेरी लव. जिवंत पाहिलं: मालनबाई ठुबे, १९९६.

मग तिने तीन बिया पाकिटात ठेवल्या, आणि बाजरीचे दोन दाणेही.