चुकलेला सोमवार

मित्रांनो, गोठ्यामागे जिच्यावर कोंबड्या झोपतात आणि जिच्या चाकांवर गोधड्या वाळत घालतात, ती मी एक जुनी बैलगाडी आहे. हसू नका. एके काळी हिंगोलीच्या बाजारात मी शिरले की माणसे आपणहून बाजूला सरत असत.

माझा जन्म कयाधू नदीकाठच्या एका लहान गावात झाला. माझा धनी सटवाजी. त्याच्या लग्नाच्या वर्षी त्याच्या आईने, भिकाबाईने, बांधावरची बाभूळ तोडून मला घडवून घेतले. सुतार काम करत असताना ही बाई दिवसभर समोर बसून असे. चाकाचा एक आरा तिला ढिला वाटला, तर तिने तो काढून दुसरा बसवायला लावला. सुतार मनातून चरफडला, पण माझे चाक मात्र पुढे कधी डुगडुगले नाही.

मग दहा-बारा वर्षे मी पुष्कळ राबले. शेणखत वाहिले, कापूस वाहिला, लेकी सासरी पोचवल्या. सोमवारी तेवढी सुट्टी मिळे. सोमवार हा औंढ्याच्या नागनाथाचा वार. त्या दिवशी आमच्याकडे बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. बैल झाडाखाली रवंथ करत आणि मीही निवांत पडून राही.

सन अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात हा निवांतपणा संपला. निजामाचे राज्य अखेरीला आले होते आणि गावोगाव लुटालुटीची धास्ती होती. एकेक घर पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात निघून जाई. सटवाजीनेही मला भरले. ज्वारीची पोती, भांडी, पेटी, सरकी, त्यावर बायको अनुसयाबाई आणि दोन लेकरे. शेवटी भिकाबाई पुढे आली, तर माझ्यावर वीतभर जागा उरली नव्हती.

सटवाजी एक पोते उतरवू लागला. तिने त्याचा हात धरला.

"राहू दे. लेकरं काय खातील तिकडं? मी राहते घर राखून. मला म्हातारीला कोन काय करून राहिलंय?"

आम्ही निघालो. मी भरलेली होते म्हणून ती मागे राहिली. मित्रांनो, ओझ्याने मी कधी रडले नाही, पण त्या दिवशी वाटभर कुरकुरले.

वऱ्हाडात आम्ही दोन महिने काढले. आईची काहीच खबर येईना. तेव्हा सटवाजीने हात जोडून नवस बोलला, "नागनाथा, आई जित्ती भेटंपर्यंत तुजा सोमवार मोडणार न्हाई."

मग निजामाचे राज्य गेल्याची बातमी आली आणि लोक माघारी निघाले. आम्हीही निघालो. पण एक घोटाळा झाला. आमच्या गावाकडे वार कळायचा तो बाजाराच्या दिवसावरून. परक्या मुलखात आपला बाजार कुठला? त्यात पैनगंगेला पाणी, म्हणून काठावर चार दिवस थांबलो की पाच, हेही कुणाला सांगता येईना. गाव अर्ध्या दिवसाच्या वाटेवर राहिले, तेव्हा सकाळी सटवाजी बोटांवर मोजून म्हणाला, "आज सोमवार." बैल सोडले.

इतका शांत दिवस मी पाहिला नव्हता. चहूकडे माळ, कमरेएवढे गवत आणि तरवडाची पिवळी फुले. अनुसयाबाईने ओढ्यावर लुगडी धुऊन माझ्यावर वाळत घातली. लेकरे माझ्या सावलीत झोपली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच कुणी दचकून मागे पाहत नव्हते.

दुपारी शेजारच्या गावचा एक माणूस तिथून चालला होता. सटवाजीने त्याला आईचे विचारले.

"तुमच्या घराला कुलूप हाय," तो म्हणाला. "म्हातारी न्हाई बा दिसली."

तो गेला आणि अनुसयाबाई ताडकन उठली.

"जुंपा बैल!"

"सोमवार हाय."

"आत्याबाईचा पत्ता न्हाई, अन् तुमी वार धरून बसले?"

"बोललो हाय म्या देवाला. आज मोडलं अन् तिला काय झालं, मंग?"

त्याने दोनदा जू उचलले आणि दोनदा खाली ठेवले. मला तर वाटत होते, बैलांवाचूनच धावत सुटावे. पण गाडीला एकटीला चालता येत नाही.

ऊन कलले. बंजाऱ्यांच्या तांड्याच्या वाटेने एक गाडी आली. आम्हाला बैल विकणारा थावरा ती हाकत होता, आणि मागे गवतावर मांडी घालून बसली होती आमची भिकाबाई!

ती खाली उतरली. मुलाला जवळ घेईल असे मला वाटले. तिने आधी बैलांकडे पाहिले.

"इतका दिवस वर असून बैल काहून सोडले रे?"

"आई... आज सोमवार..."

"सोमवार काल झाला, मुडद्या! आज मंगळवार हाय!"

"बराबर," थावरा हसत म्हणाला. "काल माजे बी बैल बसून व्हते, म्हून याडीला आज आणलं." याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. आम्ही गेल्यावर आठवड्यातच त्याने तिला तांड्यात नेले होते. लोक परतू लागले तशी तिने आम्हाला शोधायला वऱ्हाडात जायचा हट्ट धरला होता. आज उठल्या उठल्या आम्हाला खरा वार कळला असता, तर आम्ही तेव्हाच निघून त्या कुलपापुढे उभे राहिलो असतो आणि ती इकडे पैनगंगेकडे निघून गेली असती.

"म्हंजी सोमवार तं म्या कालच मोडला," सटवाजी चाचरत म्हणाला.

"नागनाथाला ठावं हाय, त्याचा भगत किती शहाणा हाय ते!"

सटवाजी हसू लागला, आणि हसता हसता तिच्या पायाशी बसून लेकरासारखा रडला. माझाही जीव भांड्यात पडला. मग त्याने दोन पोती थावराच्या गाडीत टाकली आणि आईला माझ्यावर बसवले. तिचे वजन ते किती! एका पोत्याच्या निम्मेही नव्हते.

मित्रांनो, मला वंगण घाला, पावसात भिजू देऊ नका, हे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठे मागणे दुसरे आहे. घर सोडून जायची वेळ आली, तर सामान भरण्याआधी म्हातारे माणूस गाडीत बसवा. ते म्हणेल, "जागा न्हाई, मी राहते." ती जागा असते. मी गाडी आहे, मला माहीत आहे.